माळावरचा चंडोल आणि पक्षिचित्रातील वास्तव

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव त्याच्या नावाप्रमाणेच मोरांसाठी प्रसिद्ध आहे. चिंचेच्या झाडांखाली, शेतांच्या बांधांवर, क्वचित घराच्या अंगणापर्यंतही मोर तेथे हिंडताना दिसतात. ते पाहावयास जाणाऱ्यांत चित्रकलेचे विद्यार्थीही असतात, आणि त्यांनी परत आल्यावर रंगविलेली चित्रे पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास अनेकदा आला आहे. या चित्रांत बहुधा एकच चित्र पुनःपुन्हा भेटते. पिसारा फुलविलेला मोर, त्यातील प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे कोरून काढलेला, मानेवरील पिसांचे खवले मोजून घ्यावेत इतके स्पष्ट, आणि मागे धूसर हिरवी पार्श्वभूमी. माध्यम जवळजवळ नेहमी अ‍ॅक्रिलिक. पाहणारा 'अगदी खरा मोर!' असे म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. त्या उद्गारातील 'खरा' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे.

चिंचोलीस जाणारी वाट ज्या उघड्या माळांवरून जाते त्या माळांवर आणखी एक पक्षी राहतो. मुरमाच्या रंगाचा, डोक्यावर लहानसा तुरा असलेला, पावलापुढून उडाला म्हणजेच दिसणारा चंडोल. त्याचे चित्र आम्ही विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांत एकदाच पाहिले. त्याविषयी शेवटी लिहू. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की वास्तवदर्शी पक्षिचित्रणाची परीक्षा मोरावर होत नसून चंडोलावर होते. आणि त्या परीक्षेत आपले आजचे पक्षिचित्रण बहुतांशी अनुत्तीर्ण ठरते.

प्रथम 'वास्तव' ही कल्पना आपल्याकडे कोणत्या मार्गाने आली ते पाहणे आवश्यक आहे. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या शिक्षणक्रमातून जी वास्तववादी परंपरा महाराष्ट्रात रुजली तिचा पाया प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून केलेले रेखन हा होता. एका बाजूने येणारा प्रकाश, उजळ भाग, मध्यम छटा, छाया, आणि छायेच्या कडेस परावर्तित उजेड. या क्रमाने सपाट कागदावर वस्तूचा भरीवपणा निर्माण करावयाचा. धुरंधरांसारख्या समर्थ चित्रकारांनी या पद्धतीतून मनुष्याकृतीचे जे वैभव उभे केले ते सर्वश्रुत आहे. पक्षी मात्र या परंपरेत दुय्यमच राहिला. राजा रविवर्म्याच्या दमयंतीसमोरचा हंस हा पक्षी नव्हे, दूत आहे. त्याच्या पिसांची चौकशी करण्याचे कारण दमयंतीस नव्हते, चित्रकारासही नव्हते. पुढे जेव्हा स्वतंत्र पक्षिचित्रे काढण्याची हौस निर्माण झाली, तेव्हा मनुष्याकृतीसाठी घडलेली तीच पद्धत पक्ष्यावर जशीच्या तशी लादण्यात आली. गोलाई आणि छाया यांच्यावर पिसांची नक्षी चढविली की पक्षी झाला, अशी समजूत रूढ झाली. या समजुतीतील दोष मोरावर चटकन दिसत नाही, कारण मोर दिसण्यासाठीच सजलेला आहे.

त्या समजुतीस अ‍ॅक्रिलिक या माध्यमाने आणखी बळ दिले. पाण्यात मिसळता येणारे हे रंग चित्रकारांच्या हाती १९५० नंतरच्या दशकात आले. अ‍ॅक्रिलिक राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांस चिकटून अखंड पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. वाळलेल्या थरावर काही मिनिटांत दुसरा थर देता येतो व खालचा हलत नाही. तैलरंगात ज्या बारीक रेषेसाठी दिवसेंदिवस थांबावे लागे ती येथे एका बैठकीत पूर्ण होते. सुबक कारागिरीची आवड असणाऱ्यास हे वरदानच. परंतु याच गुणात मोह आहे. रेषा सहज निघते म्हणून ती काढली जाते, आणि मग थांबणे कठीण होते. शिवाय रंग लवकर वाळत असल्याने दोन छटा ओल्यात ओल्या मिसळून कडा मऊ करणे दुष्कर होते. शिरूर-दौंडच्या वैशाखातील कोरड्या वाऱ्यात उघड्यावर काम करणाऱ्यास हा अनुभव चांगलाच येतो. कुंचला फलकावर पोहोचेपर्यंत रंग ओढू लागतो. वाळणे लांबविणारी द्रव्ये मिळतात, पॅलेटखाली ओले फडके ठेवता येते. तरीही माध्यमाचा कल कठीण कडेकडेच राहतो. आणि पक्ष्याच्या अंगावर कठीण कडा फार थोड्या असतात. उड्डाणाची मोठी पिसे सोडली तर छाती, कूस, मान यांवरील पिसे एकमेकांत विरून गेलेली असतात. ती वेगवेगळी रेखाटली की पक्षी खवलेदार, जवळजवळ माशासारखा दिसू लागतो. मोराच्या मानेस असे खवले शोभतात, चंडोलाच्या छातीस नाहीत.

मोरही या चित्रकारांना कितपत कळला आहे याची शंका यावी अशी स्थिती आहे. ज्यास आपण पिसारा म्हणतो तो शेपूट नव्हे. शेपटीच्या मुळाशी वरच्या अंगास असलेली आच्छादक पिसे वाढून तो बनतो. खरी शेपूट आखूड, तपकिरी असून पिसारा उभा राहतो तेव्हा मागून त्यास आधार देते. पिसे पंख्याच्या काड्यांप्रमाणे एका बिंदूतून निघालेली दाखविणारा चित्रकार, त्याने प्रत्येक डोळा कितीही अचूक रंगविलेला असो, मोर न पाहताच मोर रंगवीत असतो. आणखी एक गोष्ट. पावसाळा सरता सरता मोर आपला पिसारा गाळतो आणि काही महिने त्याच्यावाचून हिंडतो. चिंचोलीच्या लोकांना यात नवल नाही. परंतु पिसारा नसलेल्या मोराचे एकही वास्तवदर्शी चित्र आमच्या पाहण्यात नाही. वास्तवाची निष्ठा मग केवळ श्रावणापुरतीच म्हणावयाची काय?

रंगाचा प्रश्न तर याहून गहन आहे. मोराचा निळा रंग हा रंगद्रव्याचा निळा नव्हे. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया'त नोंदविले आहे की पीस पाण्याने भिजविले असता हे रंग नाहीसे होतात. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंमधील कृष्णरंजकाच्या दांड्यांची नियमबद्ध मांडणी काही लहरी परावर्तित करते, म्हणून तो निळा दिसतो; पाहणाऱ्याचा कोन बदलला की छटा बदलते. अलीकडे अभ्रकाच्या पत्रींवर टिटॅनियम ऑक्साइडचा लेप देऊन केलेली चमकदार अ‍ॅक्रिलिक द्रव्ये मिळतात, त्यांचेही रंग कोनानुसार बदलतात. ती वापरणे म्हणजे अधिक वास्तव, असे काही तरुण चित्रकार आवेशाने सांगतात. आम्हांस ते पटत नाही. चित्रातील चमक चित्रासमोर चालणाऱ्या प्रेक्षकाच्या हालचालीने बदलते; मोराच्या अंगावरील चमक मोराच्या हालचालीनेही बदलते. पहिलीत पक्षी स्थिर आणि आपण फिरते, एवढाच अनुभव उरतो. जुन्या चित्रकाराने शेजारी शेजारी ठेवलेल्या निळ्या, हिरव्या व जवळजवळ काळ्या छटांतून जो भास निर्माण केला असता तो अधिक प्रामाणिक होय, कारण एका क्षणी एका जागेवरून काय दिसले एवढेच तो सांगतो.

आता चंडोलाकडे वळू. मुंबई सरकारने १८२४ मध्ये सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमलेला विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी दख्खनभर हिंडला आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी ठेवली. माळावरच्या या तुरेवाल्या चंडोलाचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यातच आहे. त्याच्या शास्त्रीय नामातील 'देवा' हा शब्द आपल्या कानास परका वाटत नाही; घारीस त्याने 'गोविंदा' म्हटले आणि एका रातव्याच्या नावात मराठ्यांचा मुलूख गोवला. यांपैकी चंडोल आणि रातवा हे दोघेही न दिसण्यात निष्णात आहेत, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

ते का दिसत नाहीत, याचे उत्तर एका चित्रकाराने दिले. अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेयर याने १८९६ मध्ये दाखवून दिले की बहुसंख्य प्राण्यांची पाठ गडद व पोट फिके असते ते योगायोगाने नव्हे. वरून येणारा सूर्यप्रकाश पाठ उजळवितो आणि पोटावर छाया टाकतो. वर्णांची मांडणी नेमकी याच्या उलट असल्याने दोहोंची फिटंफाट होते आणि प्राण्याचा गोल देह सपाट भासून जमिनीत मिसळतो. या निरीक्षणाचा अर्थ कलाविद्यालयाच्या भाषेत मांडला तर तो चमत्कारिक होतो. चित्रकार छायाप्रकाशाने सपाटास भरीव करतो. निसर्ग रंगाने भरीवास सपाट करतो. चंडोलाच्या पोटाखाली परंपरेने शिकविलेली गडद छाया घालून त्यास गोलाई देणारा विद्यार्थी निसर्गाने महत्प्रयासाने पुसलेले पुन्हा गिरवून ठेवतो. त्याचा चंडोल टेबलावरच्या लाकडी चंडोलासारखा स्पष्ट दिसतो, आणि तेवढ्याच प्रमाणात खोटा असतो. येथे हातोटी कमी पडली असे नसून पद्धतच विषयाच्या विरोधी आहे.

थेयर स्वतः या विचाराच्या आहारी गेला हेही सांगितले पाहिजे. त्याने १९०७ मध्ये 'रानातील मोर' हे चित्र सिद्ध केले. त्यात मोराची निळी मान पानांमागील आकाशाशी व पिसारा पालवीशी एकरूप झालेला आहे, आणि सगळा मोरच लपण्यासाठी रंगला आहे असा त्याचा दावा होता. थिओडोर रूझवेल्ट याने १९११ मध्ये या सिद्धान्ताच्या अतिरेकावर कठोर टीका केली, आणि मोरापुरते तरी रूझवेल्टचे म्हणणे बरोबर होते. चिंचोलीच्या शेतात उभा असलेला मोर अर्ध्या मैलावरून दिसतो. तरीही ते चित्र आम्हांस आमच्या प्रदर्शनांतील सर्व मोरांपेक्षा अधिक मोलाचे वाटते. चुकीच्या सिद्धान्तासाठी का होईना, पक्षी आणि त्याची जागा यांचा संबंध हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्याने ओळखले होते.

आपल्याकडील थोर उदाहरण अर्थात उस्ताद मन्सूर याचे. १६१२ मध्ये गोव्याहून जहांगिराच्या दरबारी आलेल्या तुर्की कोंबड्याचे त्याने काढलेले चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात पिसांचे काम अतिशय बारीक आहे, मात्र एका बाजूने येणारा प्रकाश नाही आणि पोटाखाली रंगविलेली छायाही नाही. बादशहास न पाहिलेला प्राणी नोंदवून हवा होता आणि मन्सूराने नोंद केली. माळावर तो कसा दिसेल हा प्रश्नच तेथे नव्हता. ओळख पटविण्याच्या पुस्तकांतील चित्रपटांची गोष्ट अशीच आहे. सालिम अली व रिप्ली यांच्या १९८३ च्या सचित्र मार्गदर्शिकेसाठी जॉन हेन्री डिक याने काढलेल्या पटांत पक्षी ओळीने मांडलेले आहेत. तेथे चंडोल स्पष्ट दिसलाच पाहिजे, नाही तर पुस्तक निरुपयोगी. आमचा आक्षेप अशा चित्रांवर नाही. तो आहे पुस्तकातल्या पटावरचा पक्षी उचलून मागे माळ रंगविणाऱ्या आणि त्यास निसर्गचित्र म्हणविणाऱ्या चित्रकारांवर.

मग मार्ग कोणता? स्वीडनचा ब्रूनो लिलयेफॉर्स (१८६०–१९३९) याने तैलरंगात तो दाखविला होता: पक्षी व परिसर एकाच प्रकाशात, एकाच जातीच्या कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी. अ‍ॅक्रिलिकमध्ये कॅनडाच्या रॉबर्ट बेटमन याने सूक्ष्म तपशील राखूनही पक्ष्यास हवेत व धुक्यात मागे सारण्याचे धाडस केले. माध्यम आड येत नाही, हे त्यावरून सिद्ध होते. उलट पातळ थरांवर थर देण्याची त्याची क्षमता माळाच्या चित्रास फार उपकारक आहे. मुरमाचा तांबूस लेप, त्यावर वाळल्या गवताचा पिवळट लेप, हे दोन्ही पक्ष्यावरून आणि जमिनीवरून एकदमच फिरविता येतात. असे केले की दोघांची कांती एक होते. मग पक्षी वेगळा करावयास तीनच गोष्टी पुरतात: डोळा, तुऱ्याची कड आणि जमिनीवर पडलेली छाया. पिसांच्या रेघा पाठीवर दोन-चार ठिकाणी, त्याही पिसांच्या गटांची दिशा सांगण्यापुरत्या.

'पण पक्षी दिसलाच नाही तर चित्र पाहणार कोण?' असे एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले होते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे पूर्ण समाधान करता येईल असा आमचा दावा नाही. चित्र विकावयाचे असेल तर मोरच काढावा. मात्र न दिसण्याची किंमत त्या पक्ष्यांनी अन्यत्रही मोजली आहे. शिरूर, दौंड, सुपे या बाजूचे माळ महसुलाच्या आणि लोकांच्या भाषेत 'पड' होते. पड म्हणजे रिकामे. त्यांवर कालव्याचे पाणी आले, ऊस आला, रांजणगावास कारखाने आले, आणि तेथे काही होते याची दखल फारशी घेतली गेली नाही. माळढोकासाठी सोलापूर जिल्ह्यात १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तो पक्षी उंच, त्यामुळे दृष्टीस पडणारा, तरीही महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. चंडोल, धाविक, पखुर्डी यांच्याविषयी काय सांगावे? त्या माळाचे चित्र रिकामे न वाटता भरलेले वाटावे, आणि ते का भरलेले वाटते हे क्षणभर कळू नये, असे चित्र काढणे ही आज आपल्या पक्षिचित्रकारापुढील खरी कामगिरी आहे असे आम्ही मानतो.

आरंभी उल्लेखिलेले चंडोलाचे चित्र एका विद्यार्थिनीचे होते. दोन फुटांचा फलक, मुरूम, वाळलेले गवत, वरच्या कडेस आकाशाची पट्टी. पहिल्या फेरीत आम्ही त्यास निसर्गचित्र समजून पुढे गेलो. दुसऱ्या फेरीत गवताच्या दोन काड्यांमधील तुरा दिसला, मग छाया, मग पक्षी. पोट तिने फिके ठेवले होते, छायेत असूनही जमिनीहून उजळ नव्हे आणि गडदही नव्हे. हे तिने माळावर बसूनच शिकलेले असणार. दोष एकच. पक्षी कोणास दिसणार नाही या भीतीने असेल, डोळ्यात तिने शुद्ध पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. भर दुपारच्या त्या उजेडात तो ठिपका आकाशाच्या पट्टीहून पांढरा होता. त्यावर पातळ तपकिरी रंगाचा एक हात फिरवावा असे आम्ही तिला सुचविले.