हरिश्चंद्राच्या कारखान्याचे भांडवल

सहकुटुंब बसून पाहावा आणि मग फराळाची ताटे पुढे घेऊन त्यावर वाद घालावा, असे मराठी चित्रपट फार नाहीत. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा त्यांपैकी एक. २००९ साली भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला, तेव्हा त्याचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते रास्तच होते. परंतु चाळिशी ओलांडलेला एक लेकुरवाळा गृहस्थ हातचा धंदा सोडतो, घरातले सामान विकतो, विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करतो आणि एक नवी कला शिकण्यासाठी विलायतेची बोट धरतो, ही गोष्ट हसतहसत सांगावी काय? सांगितली तर तीत काय साधते आणि काय निसटते? याचा विचार मात्र म्हणावा तसा झाला नाही.

साधते ते आधी सांगतो. कलावंताचे चरित्र म्हटले की आपल्याकडे दारिद्र्य, उपेक्षा, खोकला आणि शेवटी विझणारी समई, असा एक ठरलेला साचा आहे. मोकाशींनी तो सरळ बाजूला सारला. नंदू माधव यांचे फाळके त्यागमूर्ती नाहीत. नवे खेळणे हाती आलेल्या पोराचा उतावीळपणा त्यांच्या अंगात आहे. स्त्रीभूमिका करायची तर मिशा काढाव्या लागणार आणि वडील हयात असताना मिशा काढायच्या कशा, म्हणून अडून बसलेले ते नट पाहताना हसू आवरत नाही. चित्रपटाचे नावही तसेच. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवतील, म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असे सांगायचे! या हसण्यात त्या काळाचे सारे समाजशास्त्र आले आहे, आणि ते कोठेही व्याख्यानासारखे वाटत नाही.

आता निसटते ते. आमच्या मूर्तिजापुरातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मागे पुण्यातली बरी नोकरी सोडून चित्रकला शिकायला जर्मनीला जायचा घाट घातला. वडील कास्तकार, कापूस आणि सोयाबीन एवढाच आधार. ते माझ्याकडे आले. "गुर्जी, तुमीच समजावून सांगा त्याले. वावर गहान ठेवा म्हनते." मी उपदेश करण्याऐवजी बापलेकांना बसवून हा चित्रपट दाखवला. (मास्तरांची ही जुनी युक्ती आहे, स्वतःला उत्तर देता येत नसले की पुस्तक पुढे करावे.) दोघेही पोटभर हसले. संपल्यावर वडील म्हणाले, "बाकी सारं ठीक हाये. पन पयसा कोनाचा होता जी?"

पुढे त्यांचे काय ठरले, ते त्यांच्या घरचे. पण या चित्रपटावरची इतकी नेमकी टीका मी दुसरी ऐकलेली नाही.

पैसा कोणाचा होता? आमच्या शेजारच्या नागपुरात चित्रकलेचे धडे घेतलेले सय्यद हैदर रझा १९५० साली पॅरिसला गेले, ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. फाळक्यांना शिष्यवृत्ती देणारे कोणी नव्हते. त्यांनी स्वतःच्या आयुष्याचा विमाच तारण ठेवला, म्हणजे आपल्यामागे बायकोमुलांसाठी जे उरायचे तेच आधी खर्चाला काढले. पुढे चित्रपटासाठी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. मोकाशी हे लपवत नाहीत. पण घरातले सामान बाहेर जाताना दिसते तेही गमतीच्या चालीवर, आणि प्रेक्षक जमाखर्च विसरून पुढे सरकतो.

दुसरी उणीव मला याहून मोठी वाटते. चित्रपट सुरू होतो तेव्हा फाळके छापखान्यातून बाहेर पडलेले आहेत आणि जादूचे प्रयोग करीत आहेत. त्यामुळे तंबूत एक चित्रपट पाहिला आणि स्वारीच्या डोक्यात खूळ शिरले, असा समज होतो. प्रत्यक्षात त्या खुळाची पूर्वतयारी पंचवीस वर्षांची होती. १८८५ साली ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातली छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली आणि छापखाना काढला. त्या छापखान्याच्या यंत्रांसाठी १९०९ साली जर्मनीची वारीही झाली होती. सुरक्षित वाट त्यांनी एकदा नव्हे, दोनदा सोडली, आणि सोडताना हातातली विद्या बरोबर नेली. भिंग, रसायने, रंग आणि जादूगाराची हातचलाखी, हे सगळेच पुढे कामाला आले.

म्हणूनच १ फेब्रुवारी १९१२ रोजी निघून १ एप्रिलला परत येणे त्यांना जमले. जाण्यायेण्याचा बोटीचा प्रवास वजा केला तर लंडनमध्ये शिकायला मिळाले जेमतेम दोन आठवडे. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांची ओळख, सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत चाललेले काम पाहणे आणि विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी, एवढ्यात अभ्यासक्रम आटोपला. कोऱ्या पाटीच्या माणसाला तेथे दोन वर्षेही पुरली नसती. परत आल्यावरही त्यांनी एकदम 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्रात टिपली आणि ती भांडवल देणाऱ्यांना दाखवली. हा प्रसंग चित्रपटात आहे, फार सुंदर आहे. वेडा म्हणवणाऱ्या माणसाचा हिशेबीपणा तेथे क्षणभर दिसतो. तो आणखी दिसायला हवा होता.

आता सरस्वतीबाई. विभावरी देशपांडे यांनी ही भूमिका इतकी प्रसन्न केली आहे की तिच्यावर टीका करणे जिवावर येते. कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, रसायने मिसळणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे आणि वर साठसत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सारे त्या खऱ्या बाईंनी केले. पडद्यावर तारामती झाले साळुंके. पडद्यामागे मात्र ती भूमिका सरस्वतीबाईंकडेच होती. पण मोकाशींची सरस्वती नवऱ्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच होकार देते. एकदा तरी तिने थांबावे, त्याच्याकडे नीट पाहावे, विचारावे की बुडालो तर काय, असे वाटत राहते. तसे विचारले असते तर चित्रपटाचे हसू कमी झाले नसते. तिचा होकार अधिक महाग झाला असता.

यशाच्या पहिल्या दोनतीन वर्षांतच चित्रपट संपतो. पुढे १९१८ची हिंदुस्थान कंपनी, भागीदारांशी बेबनाव, संन्यस्त वृत्तीने गाठलेली काशी, १९३७चा 'गंगावतरण' आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला अंत. हे सारे आले असते तर विनोद टिकला नसता, हे मलाही मान्य आहे. कोठे थांबायचे हा ज्याचा त्याचा अधिकार. माझी तक्रार मधल्या दोन महिन्यांविषयी आहे. फाळके लंडनला जातात तेव्हा कॅमेराही त्यांच्या मागोमाग बोटीवर चढतो. कादंबरी लिहिणारा कोणीही तो मुंबईतच ठेवला असता. नवरा समुद्रापार, विमा गहाण, घरात मुले, अर्धे सामान गेलेले, आणि जिन्यावर शेजारीण विचारते आहे, "पत्र आलं का हो?"