सविकल्प समाधि आणि आभासी वास्तव

नवें साधन हातीं आलें कीं साधनाच्या कौतुकांत कलेचें कौतुक मागें पडतें, हा अनुभव जुना आहे. आभासी वास्तव या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कलाप्रकाराबाबत सध्यां नेमकें हेंच चाललें आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवावयाचा आणि मान वळेल तिकडे वळणारें, पाऊल पडेल तसें सरकणारें संगणकनिर्मित जग पाहावयाचें, एवढी या प्रकाराची मूळ सामुग्री. खोली, भिंती, शेजारीं उभा असलेला मनुष्य, सर्व दृष्टीआड होतें. त्याचें भावंड म्हणजे संवर्धित वास्तव; त्यांत खोली दिसत राहते आणि तिच्यावरच कृत्रिम दृश्य चढविलें जातें. या दोहोंच्या आश्रयानें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत चित्रकार, चित्रपटकार, मानसशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ एकत्र येऊन पुष्कळ कृति निर्माण झाल्या. परंतु त्यांवरील लेखन वाचूं लागलें कीं स्तुतीचें वाक्य बहुधा एकच आढळतें : आपण खरोखर तेथेंच आहों असें वाटलें! ही स्तुति कलेची कीं यंत्राची, हें विचारण्याची वेळ आतां आली आहे. आणि तें विचारण्यास लागणारें माप मराठी टीकाशास्त्रांत शंभर वर्षांपूर्वींच तयार झालेलें आहे.

१९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनीं वाङ्मयानंदाची उपपत्ति सांगतांना 'सविकल्प समाधि' हा शब्द योजिला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशीं समरस होतो, परंतु आपली भूमिका सोडीत नाहीं. एकाच वेळीं तो तो असतो आणि आपणहि असतो. या दुहेरी अवस्थेंतच आनंद आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. या मतावर पुढें पुष्कळ वाद झाला आणि सर्वच वाङ्मय त्यानें उलगडतें असें आम्हीहि म्हणत नाहीं. नाटकाच्या बाबतींत मात्र त्याचा प्रत्यय आपल्या आजोबा-पणजोबांनीं डोळ्यांनीं घेतला होता. 'एकच प्याला' नाटकांतील सिंधूच्या दुःखानें ज्यांचे डोळे भरून येत, त्यांना सिंधूच्या वेषांत बालगंधर्व आहेत हें पक्कें ठाऊक असे. तें ठाऊक असल्यामुळें रडें थांबत नसे. उलट रडण्यांत रुचि येई ती त्यामुळेंच. पुढील पद केव्हां येतें याची वाट पाहणारा आणि सिंधूसाठीं हळहळणारा प्रेक्षक एकच.

यंत्रशास्त्रज्ञांनीं आपल्यापुढें ठेवलेला आदर्श याच्या अगदीं उलट होता. आयव्हन सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६५ सालीं एका छोट्या निबंधांत अंतिम दृश्ययंत्राची कल्पना मांडली : एक खोली, जिच्या आंत जडवस्तूंचें अस्तित्वच संगणकाच्या स्वाधीन असेल, तींत दाखविलेल्या खुर्चीवर बसतां यावें आणि तींत दाखविलेल्या गोळीनें मरण यावें. ही निर्विकल्प समाधि झाली. अशा खोलींत प्रेक्षक उरत नाहीं. उरतो तो बसणारा किंवा मरणारा. मौज अशी कीं, सदरलँडनेंच १९६८ सालीं जें शिरोयंत्र प्रत्यक्ष बनविलें तें पारदर्शक होतें. छताला टांगलेल्या त्या अवजड यंत्रांतून प्रयोगशाळेची खोली दिसे आणि तिच्या अंतराळांत प्रकाशरेषांचा एक घन तरंगतांना दिसे. विकल्प सोडावयाचा म्हणून निघालेल्या शास्त्राचें पहिलें पाऊल विकल्प ठेवूनच पडलें.

मानसशास्त्रज्ञ पुढें आले तेव्हां त्यांनाहि हा विकल्प टाळतां आला नाहीं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत मेल स्लेटर व त्यांचे सहकारी यांनीं २००६ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत ३४ माणसांना एका कृत्रिम स्त्रीची स्मरणपरीक्षा घ्यावयास सांगितलें आणि उत्तर चुकलें कीं तिला विजेचा धक्का द्यावयाचा असें ठरविलें. स्त्री खोटी, धक्का खोटा, हें प्रत्येकाला ठाऊक होतें. तरीहि तिला जे पाहत व ऐकत होते त्यांच्या देहावर, तिनें थांबा म्हणून विनविलें तेव्हां, खऱ्या प्रसंगासारखाच ताण उमटला. तिच्याशीं केवळ लेखी अक्षरांतून संबंध आलेल्यांवर तो त्या मानानें कमी होता. पुढें २००९ मध्यें स्लेटर यांनीं या अवस्थेचें जें लक्षण केलें त्याचें तात्पर्य असें : आपण तेथें नाहीं ही खात्री असूनहि तेथें असल्याची जाणीव. केळकरांचा निबंध त्यांनीं वाचलेला असण्याचें कांहींच कारण नाहीं. पण दोन्ही वाक्यें शेजारीं ठेवलीं तर सख्ख्या बहिणींसारखीं दिसतात.

येथें थांबून एक भेद केला पाहिजे. तो न केल्यामुळेंच या विषयावरील बरेचसें लेखन घसरतें. प्रयोगशाळेंतील माणसाची 'हें खोटें आहे' ही जाणीव आणि नाट्यगृहांतील माणसाची तीच जाणीव दिसण्यांत सारख्या, कार्यांत भिन्न. पहिल्याची जाणीव कोपऱ्यांत पडून असते. देह आपल्या वाटेनें घाबरतो आणि बुद्धि त्याची नुसती साक्षी राहते. दुसऱ्याची जाणीव आस्वादांत भाग घेते. पुस्तक वाचणारा परभूमिकेंत शिरतो तो आपल्या कल्पनेच्या बळावर, आपल्या पायांनीं चालून; हेडसेट घातलेल्याला तेथें नेऊन टाकलेलें असतें. म्हणून या माध्यमांत काम करणाऱ्या कलावंतापुढील खरा प्रश्न भ्रम कसा वाढवावा हा नाहीं. भ्रम यंत्र वाढवीतच आहे, आणि दरसालच्या नव्या हेडसेटाबरोबर वाढवील. कोपऱ्यांत पडलेला विकल्प आस्वादाच्या मध्यभागीं कसा आणावा, हा प्रश्न आहे.

तो ज्यांनीं सोडविला त्यांत कॅनडाच्या चार डेव्हिस यांचें स्थान आमच्या मतें अजूनहि पहिलें आहे. त्या मूळच्या चित्रकार. ऱ्हस्वदृष्टीच्या डोळ्यांना चष्म्याविना जग जसें दिसतें, वस्तूंच्या कडा विरघळून प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्याचा शोध त्या रंगांतून घेत होत्या. पुढें माँट्रियल येथील सॉफ्टइमेज या त्रिमितीय चित्रणाच्या संगणककंपनींत त्या गेल्या आणि कॅनव्हासच्या सपाटीनें घातलेली मर्यादा ओलांडण्याचें साधन त्यांना तेथें मिळालें. १९९५ सालीं माँट्रियलच्या समकालीन कलेच्या संग्रहालयांत त्यांची 'ऑस्मोस' ही कृति मांडली गेली. आकृतींचें काम जॉर्ज मोरो यांचें, संगणकीय आज्ञावली जॉन हॅरिसन यांची, ध्वनिरचना डोरोटा ब्लाश्चाक यांची व संगीत रिक बिडलॅक यांचें. आंतरशाखीय सहकार्य हा शब्द आज परिषदांच्या पत्रिकांवर फार स्वस्त झाला आहे. येथें तो एका दृष्टीखालीं बांधला गेलेला आहे.

'ऑस्मोस'मध्यें एका वेळीं एकच मनुष्य जातो. त्याच्या हातांत कांहीं दिलेलें नसतें. त्या काळच्या अशा बहुतेक यंत्रांत हातमोजा किंवा दांडी असे. बोट दाखवावें तिकडे उडत जावें आणि दिसेल तें पकडावें, असा तो व्यवहार होता. डेव्हिस यांनीं तो टाकून दिला. छातीवर एक पट्टा बांधलेला असतो व तो श्वास मोजतो. श्वास घेतला कीं मनुष्य वर जातो, सोडला कीं खालीं येतो, अंग झुकवावें त्या बाजूस सरकतो. ही कल्पना त्यांना पाणबुडीच्या छंदांतून सुचली. पाण्याखालीं तरंगणारा मनुष्य आपली उंची फुप्फुसांनींच सांभाळतो. प्रारंभीं भूमितीच्या रेषांचें एक जाळें दिसतें. थोडे श्वास झाले कीं तें विरतें आणि एक मोकळी जागा उघडते. मध्यें एक वृक्ष. पुढें अरण्य, तळें, एका पानाचें अंतरंग, मातीखालचा प्रदेश, मेघ. सर्वांत खालीं या जगाची आज्ञावली अक्षरशः लिहिलेली दिसते आणि सर्वांत वर निसर्ग, देह व यंत्र यांविषयीं कवींचे व तत्त्वज्ञांचे उतारे तरंगतात. सुमारें पंधरा मिनिटांनीं हें जग हळूहळू दूर जाऊं लागतें. कितीहि श्वास घेतला तरी परत येत नाहीं. बाहेर आलेल्यांपैकीं कांहींजण रडले, अशी नोंद आहे.

या रडण्याचें श्रेय यंत्राला देतां येईल काय? 'ऑस्मोस'मधील वृक्ष खऱ्या वृक्षासारखा नाहीं. तो पारदर्शक आहे. त्याच्या खोडांतून पलीकडचें दिसतें आणि पाहणारा त्यांतून आरपार जाऊं शकतो. त्या काळचीं यंत्रें ठाशीव, कठीण कडांच्या वस्तु रेखाटण्यांत तरबेज होतीं. डेव्हिस यांनीं त्यांच्याकडून धुकें काढून घेतलें. प्रत्येक क्षणीं हें चित्र आहे हें समजतें आणि प्रत्येक क्षणीं आपला श्वास मात्र खरा आहे हेंहि समजतें. खऱ्या श्वासावर खोटें जग झुलतें आहे, ही जाणीव येथें आस्वादाचा प्राण आहे. तळाशीं दिसणारी आज्ञावली हा तर सरळ रंगभूमीचा पडदा बाजूला सारून मागचे दोर दाखविण्याचा प्रकार. तरीहि वरची जादू मोडत नाहीं. बाहेरच्या दालनांतील प्रेक्षकांना आंतल्या माणसाची छाया एका पडद्यावर दिसते, छाती भरतांना व रिकामी होतांना. आमची तक्रार एकच, वर तरंगणाऱ्या उताऱ्यांबद्दल. चित्रानें सांगितल्यावर पुन्हां शब्दांनीं सांगण्याचा मोह चित्रकारालाहि आवरत नाहीं, हें पाहून लेखकाला थोडें समाधान वाटावें, इतकाच त्यांचा उपयोग.

'ऑस्मोस'नंतर वीस वर्षांनीं या माध्यमाची भाषा बदलली. २०१५ मध्यें ख्रिस मिल्क या दिग्दर्शकानें आपल्या एका व्याख्यानांत त्याला सहानुभूतीचें यंत्र म्हटलें. जॉर्डनमधील झातारी छावणींतील एका सीरियन मुलीवर, 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' या नांवाचा, संयुक्त राष्ट्रसंघासाठीं केलेला बोलपट हें त्याचें उदाहरण होतें. हेतु चांगला, पण ज्या मुलीच्या शेजारीं आपण बसलों आहों असें वाटतें तिच्या जागीं आपण गेलों असें होत नाहीं, हें या उत्साहांत कोणी फारसें विचारलें नाहीं.

या भाषेची खरी कसोटी आलेहांद्रो गोंसालेस इन्यारितु यांच्या 'कार्ने इ आरेना' या कृतींत लागते. मांस आणि वाळू, असा नांवाचा अर्थ. २०१७ सालीं कानच्या चित्रपटमहोत्सवाच्या अधिकृत निवडींत आलेली ही पहिली आभासी वास्तवाची कृति. त्याच वर्षीं तिला खास ऑस्कर देण्यांत आलें. मेक्सिकोची सीमा ओलांडून अमेरिकेंत शिरूं पाहणाऱ्या माणसांची ही कथा, आणि तशीं खरीं माणसेंच तिच्यासाठीं आपला प्रवास पुन्हां चालून गेलीं. प्रेक्षक प्रथम एका थंडगार कोठडींत एकटा बसतो. तेथें सीमेवरच्या वाळवंटांत सांपडलेलीं पादत्राणें पडलेलीं असतात. त्यालाहि पादत्राणें काढावीं लागतात. मग वाळूनें भरलेल्या दालनांत अनवाणी पायांनीं जाऊन हेडसेट घालावयाचा. सुमारें साडेसहा मिनिटें. अंधारांतून थकलेलीं माणसें येतात, वर हेलिकॉप्टर घोंगावतें, सीमारक्षक ओरडत येतात आणि बंदूक पाहणाऱ्याकडेहि वळते.

बंदूक वळतांच पाहणारा दचकतो. येथपर्यंत यंत्र विजयी आहे. परंतु तो दचकतो तो कोणासाठीं? अभिनवगुप्तानें रसाचे जे सात विघ्न सांगितले त्यांत स्वतःच्या सुखदुःखानें विवश होणें हा एक आहे. ज्याला आपल्या जिवाची भीति वाटली त्याला त्या क्षणीं शेजारच्या बाईची करुणा येऊं शकत नाहीं. साडेसहा मिनिटांचें हें भय लौकिक भयाची नक्कल आहे. भयानक रस नव्हे आणि करुण तर नव्हेच. शिवाय हें भय फुकटचें. ज्यानें हें तिकीट काढलें त्याला पुढच्या खोलींत आपले बूट परत मिळतात.

तरीहि ही कृति मोठी आहे, असें आम्ही म्हणतों, आणि तें दोन गोष्टींसाठीं. त्या वाळवंटांतील एखाद्या माणसाच्या अगदीं जवळ जाऊन पाहणारा त्याच्या आकृतींतच शिरला, तर त्याला आंत धडधडणारें हृदय दिसतें. हा क्षण भ्रमाला धरून नाहीं. खऱ्या माणसाच्या देहांत असें शिरतां येत नाहीं. हें चित्र आहे याची कबुली येथें कलावंतानें दिली आणि त्याच कबुलीनें पहिल्या प्रथम पाहणारा स्वतःला विसरून दुसऱ्याकडे वळला. दुसरी गोष्ट म्हणजे पादत्राणांची ती कोठडी. तेथें यंत्र नाहीं. एका लहान मुलाचा जोडा आणि आपली रिकामी पावलें यांमधलें अंतर पाहणाऱ्याला स्वतःच्या कल्पनेनें भरून काढावें लागतें.

संवर्धित प्रकारांत ही दुहेरी जाणीव मुद्दाम निर्माण करावी लागत नाहीं, कारण खरी जागा डोळ्यांपुढून हलतच नाहीं. जॅनेट कार्डिफ आणि जॉर्ज ब्यूरेस मिलर यांनीं २०१२ सालीं जर्मनींतील कासेल येथें 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनासाठीं केलेली कृति याच जातीची, आणि तिचें साधन किती साधें! प्रेक्षकाला एक आयपॉड व कानांत घालावयाचें यंत्र देतात. जुन्या रेल्वेस्थानकांत तो चालूं लागतो. हातांतल्या लहानशा पडद्यावर त्याच जागीं, त्याच कोनांतून पूर्वीं घेतलेलें चलच्चित्र दिसतें आणि कार्डिफ यांचा आवाज वाट सांगत जातो. पडद्यावरून कोणी मनुष्य येतो. डोळे वर करावे तर तेथें कोणी नसतें. खरा मनुष्य खांद्याला घासून जातो. पडद्यावर तो नसतो. असें चालतां चालतां तो आवाज फलाटावर आणून सोडतो आणि नाझी राजवटींत याच स्थानकावरून ज्यूंना पाठविण्यांत आलें तें सांगतो. पडद्यावर रूळ, समोर रूळ. त्यांच्यांत भर घालण्यास डोळ्यांनीं दिसेल असें कांहींच उरत नाहीं. त्या माणसांचीं चित्रें रूळांवर चढवून दाखविणें आजच्या यंत्रांना अवघड नाहीं, आणि कोणी तरी एके दिवशीं तें करीलहि. कार्डिफ व मिलर यांनीं तें केलें नाहीं.

डेव्हिस यांनीं १९९८ सालीं ओटावाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत 'एफेमेर' ही दुसरी कृति मांडली. साधन तेंच, श्वासाचें. पण मातीच्या खालीं आतां मनुष्यदेहाचा अंतर्भाग आला, अवयव आणि हाडें, आणि वरच्या भूमीवर ऋतूंची घडामोड चालूं लागली. तेथें मातींत कांहीं बीजें आहेत. हातानें त्यांना स्पर्श करतां येत नाहीं, श्वासानें तीं हलत नाहींत. पाहणारा त्यांच्याकडे पुरेसा वेळ टक लावून राहिला तर तीं उमलतात; जो घाईनें पुढें निघतो त्याला तीं मिटलेलींच दिसतात.