सीता स्वतः बोलत असे

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लागत असताना रेडिओवर नरकासुरवधाचे कीर्तन लागलेले असावे, असे माझ्या पिढीतल्या अनेकांच्या घरी होते. त्यांतले कीर्तनकार कोण, आख्यान कसे रंगले, हे आज कुणी विचारले तर सांगता येणार नाही. उटण्याचा वास मात्र आठवतो. नभोवाणीचे वैशिष्ट्यच हे आहे की ती कानांवर पडते आणि राहते दुसऱ्याच कुठल्या तरी इंद्रियापाशी. म्हणूनच जुन्या ध्वनिक्षेपणांच्या जतनाचा विषय निघाला, की मला प्रथम प्रश्न पडतो तो हा : आपण नेमके काय जतन करतो? गाणे, की ऐकणे?

या प्रश्नाची कसोटी पाहण्यासाठी मी मुद्दाम सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेतो. ‘गीतरामायण’ आपण हरवले आहे, असे कुणीही म्हणणार नाही. उलट, मराठी नभोवाणीने जन्माला घातलेल्या कृतींपैकी इतक्या निगुतीने सांभाळलेली दुसरी कृती दाखवणे कठीण. पण जे सांभाळले ते तेच आहे का, हे पाहिले पाहिजे.

पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्या केंद्रावरच्या सीताकान्त लाड यांच्या मनात श्रोत्यांसाठी वर्षभर चालेल असे काही करावयाचे होते. ग. दि. माडगूळकरांनी लिहावयाचे आणि सुधीर फडके यांनी स्वर द्यावयाचे असे ठरले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रक्षेपित झाले आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे ही माला चालली. त्या वर्षी भाद्रपद अधिक आला, त्यामुळे बावन्न आठवड्यांचे वर्ष लांबले आणि गीते ५६ झाली. पंचांगाने एखाद्या काव्याची लांबी वाढवावी, ही गोष्ट छापील साहित्यात सहसा घडावयाची नाही. हे काव्य पोथीसाठी लिहिलेले नव्हते. ते श्रोत्यांच्या दिवसांशी, वारांशी आणि सणांशी बांधलेले होते. आठवडाभर थांबावे तेव्हा राम पुढच्या मुक्कामाला जाई.

ही गीते त्या वर्षी एकाच गळ्यातून आली नाहीत. रामाचा आवाज फडके यांचा. पण सीतेसाठी माणिक वर्मा होत्या. वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर, सुरेश हळदणकर अशी किती तरी मंडळी आपापल्या पात्राचा सूर घेऊन येत. पुढे फडके यांनी एकट्याने गावोगाव कार्यक्रम केले, १९६०नंतर त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि त्यांवरून कॅसेटी. माझ्या पिढीला ‘गीतरामायण’ माहीत झाले ते या कॅसेटींतून. आमच्या दृष्टीने राम, सीता, शबरी आणि शूर्पणखा या सर्वांचा गळा एकच होता.

आमच्या घरी ती कॅसेट लागली म्हणजे आजी ऐके, पण मध्येच म्हणे, “गोड आहे हो. पण आमच्या वेळी सीता स्वतः बोलत असे. आता तिचं म्हणणंही रामच सांगतो.” म्हाताऱ्या माणसांना जुने तेवढे गोड लागते, असे समजून आम्ही ते सोडून देत असू.

पुष्कळ वर्षांनी एका स्नेह्यांकडे मूळ मालिकेतली काही गीते ऐकली. वनवासाला निघालेला राम निरोप घ्यावयास येतो आणि सीता त्या निरोपालाच हरकत घेते, तो प्रसंग माणिक वर्मांच्या आवाजात ऐकताना मी चमकलो. फडके गातात तेव्हा तिथे करुणा असते, समजूत असते. माणिक वर्मांच्या स्वरात मात्र हक्क आहे. लाघव आहे, पण विनवणी नाही. मी येणार हे ठरलेले आहे, तुम्ही केवळ ऐकून घ्या, असा तो सूर. शब्द तेच, चाल तीच, पण बाई वेगळी. आजीचे बोलणे जुन्याचे कौतुक नव्हते. ती टीका होती, आणि अचूक होती.

एकट्याच्या गायनाची बाजूही मांडली पाहिजे. आपल्याकडे कीर्तनकार एकटाच सगळी पात्रे उभी करतो. शिवाय या काव्याची चौकटच अशी आहे की लव-कुश रामासमोर त्याचेच चरित्र गातात. तेव्हा एका कथेकऱ्याच्या तोंडी सर्व संवाद येणे अशास्त्रीय नाही. फडके यांच्या गायनातली शब्दांची स्वच्छता आणि भावाचा संयम यांना तोड नाही, आणि त्यांनी गाणे घरोघर पोचवले नसते तर मूळ मालिकेची आठवण काढावयासही कुणी उरले नसते. परंतु माडगूळकरांनी कौसल्या, अहल्या, शूर्पणखा, शबरी, सीता यांना ‘मी’ म्हणून बोलावयास लावले आहे. कथेकऱ्याच्या तोंडी तो ‘मी’ सांगितलेला होतो. मूळ मालिकेत तो उच्चारलेला होता. कथन आणि नाट्य यांतले हे अंतर लहान नव्हे. सांभाळलेल्या रूपाने मूळ रूपाला असे झाकून टाकले की झाकले गेले आहे हेसुद्धा आम्हांला कळले नाही.

जतन म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे एक प्रकारची समीक्षाच. तबकडीने एक निवाडा दिला आणि आपण तो न वाचताच मान्य केला. जे तबकडीपर्यंत पोचलेच नाही, त्याची तर सुनावणीही झाली नाही. ध्वनिफिती महाग होत्या. जुने पुसून त्याच फितीवर नवे घेण्याची रीत होती. शेतकऱ्यांसाठीची संभाषणे, बायकांचे कार्यक्रम, निवेदकांची साधी वाक्ये यांना पुन्हा कोण ऐकणार, असे त्या वेळी वाटले असेल.

या रीतीला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. आजी ते सीतेचे गीत तिने १९५५ साली ऐकले होते तसे गुणगुणत असे, आणि वडिलांनी एकदा ते घरच्या टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवले होते. कॉलेजात असताना मला सिनेमाची गाणी भरावयास कॅसेट हवी होती. घरात ती एक, पाठीवर काही न लिहिलेली, सापडली. आजीला मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “असू दे. मी आहे की.” तेव्हा ती होती.

म्हणून मला वाटते, जुन्या प्रक्षेपणांची साठवण करताना केवळ उत्तम गायन कोणते ते पाहू नये. ज्या आवाजांत ते प्रथम घरात आले ते आवाज, आणि ज्यांनी ते ऐकले त्यांचे म्हणणे, ही दोन्ही त्याच कपाटात ठेवावीत. १९५५ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. फराळाच्या ताटाभोवती असे कुणी बसले असेल, तर त्यांना एवढेच विचारावे : तुमच्या वेळी सीता कशी बोलत असे? आणि उत्तर कशावर टिपून घ्याल त्याच्या पाठीवर आधी नाव घालावे.