पायांखालची जमीन

बदलीचा हुकूम घेऊन परप्रांती आलेला मराठी माणूस पहिली काही वर्षे साम्ये शोधण्यातच घालवितो. बाजारात गेला तर ज्वारी कोठे मिळते हे पाहतो. नदीवर गेला तर घाट कृष्णाकाठच्यासारखा आहे काय हे पाहतो. आणि साम्य सापडले नाही म्हणजे ‘येथे पाहण्यासारखे काही नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. अमूर्त चित्रासमोर उभ्या राहिलेल्या सुशिक्षित प्रेक्षकाचेही नेमके असेच होते. तो चित्रात झाड शोधतो, डोंगर शोधतो, निदान एखादा चेहरा तरी शोधतो. आणि काहीच न सापडल्यास चित्रकाराने आपली थट्टा केली असे समजतो. या दोन सवयी मुळात एकच होत, असे आम्हांस वाटू लागले आहे.

आमची कचेरी फोर्ट विल्यमच्या परिसरात आहे. प्लासीच्या लढाईनंतर बांधावयास घेतलेला हा किल्ला १७८१ साली पुरा झाला. तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून भोवतालचे रान तोडून जे मोकळे पटांगण राखले, तेच कलकत्त्याचे मैदान. किल्ल्यास लष्कराने ‘विजय दुर्ग’ असे नाव दिल्याचे २०२५ साली जाहीर झाले, तेव्हा येथील मराठी मंडळींस साहजिकच आनंद वाटला. नावात साम्य मिळाले. माती मात्र गंगेचीच राहिली.

या मातीकडे आम्ही प्रथम पाहिले तेही साम्याच्याच लोभाने. आम्ही वऱ्हाडातले. वैशाखात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या पाहत वाढलेले. मैदानातल्या आटलेल्या डबक्यांत पडलेल्या बारीक भेगा दिसल्या की आम्हांस घरचे शेत आठवे, आणि आठवणीपुढे त्या भेगा दिसेनाशा होत. मागे ते शेत विकले गेले. आठवणीस बांधून ठेवणारा खुंटाच उपटला गेल्यावर एके सकाळी कचेरीस जाता जाता आम्ही त्याच भेगांपाशी थांबलो, आणि त्या प्रथमच त्यांच्या स्वतःच्या म्हणून पाहिल्या.

भेगा वेड्यावाकड्या वाटतात; तशा त्या नसतात. गाळाचा वरचा थर आधी सुकून आक्रसतो, खालचा ओला थर त्यास धरून ठेवतो, आणि या ओढाताणीत माती फाटते. मागाहून आलेली भेग आधीच्या भेगेस बहुधा काटकोनात येऊन मिळते. त्यामुळे कोणती थोरली व कोणती धाकटी हे नीट पाहणाऱ्यास ओळखता येते. तीच जागा पुनःपुन्हा भिजून सुकली तर काटकोन हळूहळू बदलतात, तीन भेगा सारख्या अंतराने एकत्र येतात आणि तुकडे षट्कोनाकडे झुकतात. एखाद्या तुकड्यावर मेंढीचा खूर उमटलेला असतो. कडा पापडासारख्या वर वळलेल्या असतात.

मग हे चित्र झाले काय? ‘निसर्ग हाच सर्वांत थोर अमूर्त चित्रकार’ असे म्हणणे कानास गोड वाटते, परंतु ते विचारान्ती टिकत नाही. भेगेला कोठे थांबावे हे ठरविता येत नाही. चित्रकारास ते ठरवावेच लागते. डाग पडलेल्या भिंतींकडे पाहत बसा, असा उपदेश लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांस केला होता. पण त्याला त्या डागांत डोंगर, लढाया व चेहरेच दिसावयास हवे होते. शिवाय असे डाग कल्पना पुरवितात, पण चित्र पुरे कसे करावे हे शिकवीत नाहीत, असेही तो बजावून गेला. त्याचा पूर्वार्ध साम्य शोधणाऱ्याचा आहे. उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

आपल्या भाषेने या बाबतीत एक खूण फार पूर्वीच करून ठेवली आहे. लुगड्याच्या काठपदरामधल्या अंगास आपण ‘जमीन’ म्हणतो. घरोघरी अंगण सारवले जाई तेव्हा बोटांच्या कमानींच्या ओळीमागून ओळी शेणावर उमटत. रांगोळीचे कौतुक होई. सारवणाचे कोणी केले नाही. वस्तुतः रांगोळीला उठाव देणारी जमीन तीच. अमूर्त चित्रकार करतो ते इतकेच, की ज्यावर काही काढावयाचे त्या जमिनीसच तो चित्राचा विषय करतो.

गणेश हालोई यांचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १९३६ साली पूर्व बंगालमधील जमालपूरचा. फाळणीनंतर, १९५० साली, ते कलकत्त्यास आले. सरकारी कलाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्यावर १९५७ साली पुरातत्त्व खात्यात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी ते नेमले गेले. १९६३ पासून त्यांनी कलकत्त्याच्या त्याच विद्यालयात अध्यापन केले. म्हणजे आम्ही महाराष्ट्रातून येथे आलो, तसे ते येथून नोकरीवर महाराष्ट्रात गेले होते! अजिंठ्यास चित्राखाली माती, भुसा व तंतू यांचा गिलावा आणि त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. ठिकठिकाणी रंग जाऊन ही जमीन उघडी पडली आहे. अशा भिंतीसमोर वर्षे काढणाऱ्यास आकृतीइतकीच तिच्याखालची माती परिचयाची होत असली पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

गमावलेल्या गावाचे देखावे त्यांना रंगविता आले असते. त्यांच्या प्रौढ चित्रांत ते नाहीत. नेपाळी हातकागदावर हिरव्या वा मातकट रंगाचे सपाट क्षेत्र असते, आणि त्यावर रेघा, ठिपके, लहान आयत व त्रिकोण. बांध, पाणी, रोप ही नावे ओठांवर येतात, परंतु कोणतीही खूण आपल्या नावाशी पुरती बांधलेली नसते. गाव गेले तरी जमिनीचे वळण हातात राहिले, असे ती चित्रे पाहताना जाणवते. दोषच काढावयाचा तर, कधी कधी या खुणांची मांडणी फार गोड होते आणि मातीचा खरखरीतपणा हरवतो.

याउलट नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांस मान्य नव्हता. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत असे ते म्हणत. रूळ व सुरी यांनी रंगाचे थर चढवून व खरवडून सिद्ध झालेल्या त्या पृष्ठभागांस ओल आलेल्या भिंतीची उपमा द्यावीशी वाटते. पण ती दिली की आपण पुन्हा साम्याच्या सापळ्यात सापडलो. हालोई जमिनीपासून निघतात. गायतोंडे जमिनीची आठवणही मागे टाकतात. दोघेही प्रेक्षकाकडून एकाच गोष्टीची अपेक्षा करतात: ‘हे कशासारखे आहे?’ हा प्रश्न त्याने थोडा वेळ बाजूस ठेवावा.

बदलीच्या नोकरीतल्या आपल्यासारख्यांस ही शिस्त चित्रशाळेबाहेरही उपयोगी पडेल. ज्या गावी तीन-चार वर्षे राहावयाचे, त्या गावची माती आपल्या गावच्या मातीसारखी नाही ही तक्रार आम्ही फार दिवस केली. आता पावसाळा तोंडावर आहे. मैदानातल्या भेगा बुजतील, आणि कार्तिकानंतर त्याच जागी निराळ्या पडतील. त्या पाहावयास बदलीपूर्वी एक हिवाळा मिळावा, एवढीच इच्छा आहे.