मराठी बाल ई-पुस्तके: प्रसार आणि संपादन

मराठीत ‘ई-पुस्तक’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या वस्तू वावरतात, आणि बालसाहित्यात त्यांची गल्लत विशेष महागात पडते. पहिली वस्तू म्हणजे छापील पानांची स्कॅन करून घेतलेली प्रतिमा. दुसरी म्हणजे छपाईसाठी जुळवलेल्या पानांची पीडीएफ प्रत. तिच्यात पानाचा आकार कायम राहत असल्याने मोबाइलच्या पडद्यावर पान बोटांनी मोठे करून इकडेतिकडे सरकवावे लागते. तिसरी वस्तू म्हणजे पडद्यासाठीच रचलेले पुस्तक. ई-पब या स्वरूपात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने ओळींत बसतो, आणि पुस्तक चित्रप्रधान असेल तर चित्र व मजकूर यांच्या जागा पडद्याचा विचार करून आधीच ठरवता येतात. प्रौढ वाचक पहिल्या दोन प्रकारांशी जुळवून घेतो, कारण वाचनाची सवय त्याला आधीच जडलेली असते. परंतु अक्षरे नुकतीच लावू लागलेल्या मुलाच्या बाबतीत ओळीचे टोक पडद्याबाहेर गेले की वाक्यच हातचे सुटते. गेल्या दशकभरात मराठी बाल ई-पुस्तकांचा प्रसार ज्या वेगाने झाला, त्या वेगाने त्यांचे संपादन विकसित झाले नाही, आणि या पुस्तकांच्या आजच्या अवस्थेतील बहुतेक उणिवा याच विषमतेतून आलेल्या आहेत.

प्रसाराचे श्रेय मात्र मोकळेपणाने दिले पाहिजे. बंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ या २००४ साली स्थापन झालेल्या ना-नफा प्रकाशनसंस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हे खुले व्यासपीठ सुरू केले. प्रारंभी तेथे २४ भाषांतील सुमारे ८०० गोष्टी होत्या. आज तेथील भाषांची संख्या ३०० च्या पुढे गेली आहे. या विस्ताराचे मर्म ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्यात आहे. या परवान्याने लेखक व चित्रकार यांचे श्रेय नोंदवण्याच्या अटीवर कोणालाही पुस्तक वाचण्याची, उतरवून घेण्याची, छापण्याची, भाषांतरित करण्याची आणि त्यात बदल करण्याचीही मुभा मिळते. मेळघाटातील शिक्षकाला एखादी मराठी गोष्ट कोरकूत उतरवायची असेल, तर त्याला कोणाच्या लेखी परवानगीची वाट पाहावी लागत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक महाजालावर विनामूल्य खुले केले, त्यामुळे अर्ध्या शतकातील मराठी बालसाहित्याचा आणि चित्रकलेचा एक मोठा ठेवा गावोगावच्या शाळांना मिळाला. ई साहित्य प्रतिष्ठानाने मराठी पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य पोहोचवण्याचे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले. अरविंद गुप्ता यांनी आपल्या संकेतस्थळावर विज्ञानाची, खेळण्यांची आणि गोष्टींची असंख्य पुस्तके मराठीसह अनेक भाषांत ठेवली. २०१८ साली त्यांना मिळालेल्या पद्मश्रीमागे खेळण्यांइतकेच हे पुस्तकदानही उभे आहे, असे म्हणता येईल.

व्यापारी बाजू याच्या तुलनेत कृश आहे. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, आणि बुकगंगासारख्या मराठी विक्रेत्यांनीही ई-पुस्तकांची दालने उघडली. तरी त्यांवरील मुख्य भर प्रौढांच्या कथा-कादंबऱ्यांवर राहिला. करव्यवस्थेनेही नवे धाडस करणाऱ्याला हात दिला नाही. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावरील कर २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण केवळ छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता. मुळातच पडद्यासाठी जन्मलेले पुस्तक त्या सवलतीबाहेर राहिले.

संपादनाचा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो वाचनपातळ्यांमध्ये. स्टोरीवीव्हरवरील गोष्टी चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीत सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द आणि २५० पेक्षा कमी शब्दसंख्या, दुसऱ्या पातळीत ६०० पर्यंत, तिसऱ्या पातळीत १५०० पर्यंत आणि चौथ्या पातळीत त्याहून अधिक, अशी ती साधारण मांडणी आहे. मांडणी उपयुक्त आहे; परंतु इंग्रजी गोष्ट मराठीत येते तेव्हा तिची पातळीही बहुधा तिच्याबरोबरच येते, आणि तेथे हिशेब चुकतो. मराठी शब्दाला विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटतात, म्हणून इंग्रजीतील तीन-चार सुटे शब्द मराठीत ‘झाडाखालच्या’ अशा एका शब्दात सामावतात. शब्दसंख्या घटते, शब्द मात्र लांबतो, आणि त्यात सामान्यरूपामुळे मूळ नामाचे रूपही बदललेले असते. जोडाक्षरांची गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या मुलाला काना-मात्रा येतात पण जोडाक्षरे येत नाहीत, त्याच्यासाठी पन्नास शब्दांच्या गोष्टीतील आठ-दहा जोडाक्षरे म्हणजे आठ-दहा अडसर ठरतात. ते दूर करायचे तर भाषांतरकाराला मूळ वाक्य सोडून देऊन चित्राकडे पाहत नवे मराठी वाक्य घडवावे लागते. मराठी बालभाषांतरांत हे धैर्य क्वचित दिसते. अनुवाद अचूक असतात, पण ते मोठ्याने वाचून पाहिलेले नसतात, आणि लहान मुलांच्या पुस्तकाची खरी परीक्षा मोठ्याने वाचण्यातच होते.

अक्षरांच्या घडणीकडे झालेले दुर्लक्ष याला जोडूनच पाहिले पाहिजे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक असली, तरी ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे व अक्षरवळणांचे प्रमाणीकरणही केले आहे. अखिल भारतीय व्यासपीठांवर तयार होणाऱ्या पुस्तकांत मात्र हिंदी वळणाचा फाँट सर्रास वापरला जातो, त्यामुळे शाळेच्या फळ्यावर गिरवलेला ‘ल’ मुलाला गोष्टीत भेटत नाही. तसेच ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्ध्या र-कारासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र सोय असूनही तेथे रफार उमटलेला आढळतो, आणि मुलाचा उच्चार त्यामुळे चुकीच्या वाटेला लागतो. ही दुरुस्ती खर्चिक नाही. मराठी वळणे पुरवणारे मुक्त परवान्याचे फाँट उपलब्ध आहेत, आणि पुस्तकाची भाषा मराठी असल्याचे संगणकाला नीट सांगितले, तर सोय असलेला फाँट योग्य वळण स्वतःच निवडतो. उणीव आहे ती अंतिम प्रत मराठी डोळ्यांनी तपासण्याची.

चित्रपुस्तकाची कला पडद्यावर कशी उतरते, हा प्रश्न याहून अवघड आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ या ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकांत लेखन आणि चित्र एकाच हाताचे असल्याने मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगते, आणि पान उलटण्याच्या क्षणालाही कथनात स्थान मिळते. छापील चित्रपुस्तकाचे मूळ एकक एक पान नसून समोरासमोरची दोन पाने असतात. उभ्या धरलेल्या मोबाइलवर हे जोडपान दुभंगते किंवा तळहाताएवढे आकसते. यावर उपाय म्हणून पडद्यासाठी चित्र पुन्हा योजावे लागते, त्याचा कोणता भाग आधी दिसेल, कोणता मागून येईल, याचा विचार करावा लागतो. मराठीत असे पुनर्योजन जवळजवळ होतच नाही. त्याऐवजी हलती चित्रे, आवाज आणि बोट लावताच उडणारी फुलपाखरे यांची भर घालण्याकडे कल दिसतो. या बाबतीत संशोधनाचा कौल पुरेसा स्पष्ट आहे. टाकाच, स्वार्ट आणि बस यांनी २०१५ मध्ये केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले, की गोष्टीशी सुसंगत हालचाल व ध्वनी यांमुळे मुलांचे आकलन वाढते, परंतु गोष्टीत पेरलेले खेळ आणि स्पर्शाने जागी होणारी आमिषे ते घटवतात. फुरेनेस, कुचिर्कोवा आणि बस यांच्या २०२१ मधील विश्लेषणानुसार, तेच पुस्तक केवळ कागदाऐवजी पडद्यावर दिले तर कागद सरस ठरतो. कथाशयाला पूरक अशी भर घातली असेल तेव्हा मात्र पडद्यावरील पुस्तक पुढे जाऊ शकते. म्हणजेच पीडीएफ प्रतींच्या संख्येवर समाधान मानणाऱ्या व्यवस्थेने कागदाहून दुबळे असे वाचनसाहित्य मुलांपर्यंत पोहोचवण्याचा धोका पत्करलेला आहे.

जुन्या बालसाहित्याच्या पुनरुज्जीवनाला येथे मोठा वाव आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन त्यामुळे २०११ पासून, आणि ‘गोट्या’कार ना. धों. ताम्हनकरांचे २०२२ पासून मुक्त झाले आहे. ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील हक्क २०६१ अखेरपर्यंत राहील. मुक्त झालेला मजकूर टंकून घालणे एवढेच काम येथे होताना दिसते. वास्तविक चित्रांवरील हक्क चित्रकाराच्या आयुर्मानाप्रमाणे स्वतंत्रपणे मोजला जातो, म्हणून मजकूर खुला झाला तरी सोबतची चित्रे खुली असतीलच असे नाही. ही अडचण टाळण्यासाठी चित्रे गाळून टाकली जातात आणि मुलांच्या हाती उघडा मजकूर येतो. आजच्या तरुण चित्रकारांकडून, योग्य मोबदला देऊन, नवी चित्रे काढून घेतलेली सटीप आवृत्ती हे या समस्येचे खरे उत्तर आहे, आणि सार्वजनिक संस्थांचा निधी त्याहून चांगल्या कामी लागण्याची शक्यता कमी आहे.

सर्वांत मोठी उपेक्षा दृष्टिबाधित मुलांची झाली आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती तयार करण्यास मुभा देणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. कायद्याने उघडलेले हे दार मराठी प्रकाशनाच्या तांत्रिक सवयींमुळे अर्धवटच वापरले गेले. स्कॅन केलेले पान हे पडदावाचकाला, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला, निव्वळ चित्र असते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधून तिला निरर्थक चिन्हांची मालिका हाती येते. युनिकोडमधील मजकूर आणि त्याला जोडलेला मानवी आवाज ही सोय ई-पबच्या तिसऱ्या आवृत्तीत २०११ पासून आहे, आणि तिचा लाभ अंध मुलाइतकाच नुकत्याच वाचू लागलेल्या डोळस मुलालाही होतो. प्रश्न उरतो तो चित्रांचा. चित्रपुस्तकातील निम्मे कथन चित्रात असते, म्हणून त्या चित्रांचे शब्दवर्णन पुस्तक घडत असतानाच लेखक आणि चित्रकार यांच्याकडून, कथेच्याच भाषेत आणि तिच्याच लयीत, लिहून घेतले पाहिजे. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर एखाद्या तंत्रज्ञाने जोडलेली कोरडी ओळ त्या जागी पुरी पडत नाही.