क्रुसावरचे मिटलेले डोळे

आज आपण एकाच प्रतिमेकडे बघू: क्रुसावर खिळलेला येशू. नुसता क्रूस नव्हे, देहासकट क्रूस. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये वेदीच्या वर तो देह दिसतो. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बहुधा रिकामा क्रूस असतो. ल्यूथरच्या अनुयायांनी देह राहू दिला, कॅल्विनच्या अनुयायांनी काढला. तो वाद आज राहू द्या. आपला प्रश्न असा की, मेलेल्या देवापुढे गुडघे टेकावेत असं माणसाला कधीपासून वाटू लागलं?

आरंभी तसं वाटत नव्हतं, बरं का. क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. सभ्य रोमन माणूस तिचं नावही काढत नसे. रोमच्या भुयारी दफनभूमींत ख्रिस्ती लोकांनी मासा काढला, नांगर काढला, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ काढला. क्रुसावरचा देह टाळला. उलट, पॅलाटाइन टेकडीवर 1857 साली एक प्राचीन रेखाटन सापडलं. त्यात गाढवाचं डोकं असलेला एक जण क्रुसावर आहे आणि खाली एक माणूस त्याला वंदन करतो आहे. म्हणजे क्रुसावरच्या येशूचं आपल्याला ठाऊक असलेलं एक अगदी जुनं चित्र भक्ताचं नाही, टवाळखोराचं आहे!

पुढे पाचव्या शतकात रोमच्या सांता सबीना चर्चच्या लाकडी दारावर येशू दिसतो तो हात पसरून, डोळे उघडे ठेवून. क्रूस जेमतेम जाणवतो. नंतरही कित्येक शतकं तो असाच राहिला: जागा, जणू मृत्यूवर राज्य करणारा. डोळे मिटले ते फार उशिरा. कोलोन कॅथीड्रलमधला गेरो क्रूस साधारण 970चा. ओकच्या लाकडात कोरलेला पुरुषभर उंचीचा देह. मान छातीवर कलंडलेली, पोट ओघळलेलं, हात भाराने ताणलेले. हा मेलेला माणूस आहे, यात शंका राहत नाही.

नीत्शेचा आक्षेप आपल्याला ठाऊक आहे. तो थोडक्यात असा, की या धर्माने दुबळेपणालाच सद्गुण केलं आणि दुःखाची पूजा मांडली. आक्षेप हलका नाही. पण तो क्रुसासमोर कोण उभं आहे, हे विचारत नाही. आल्सासमधल्या इझेनहाइमची वेदी घ्या. ग्र्यूनेवाल्डने ती 1512 ते 1516च्या दरम्यान रंगवली, ती अँथनीच्या पंथाच्या मठासाठी. हा मठ रुग्णांची सेवा करी. राय धान्यावर अर्गट नावाची बुरशी पडते. त्या पिठाची भाकरी खाल्ली की हातपाय आगीत घातल्यासारखे जळत, काळे पडत, कापावे लागत. लोक त्याला संत अँथनीचा अग्नी म्हणत. आता चित्रातला येशू बघा. कातडी हिरवटलेली, अंगभर जखमा, बोटं वेदनेने वाकडी झालेली. वेदीच्या फळ्या उघडताना जोडरेषा त्याच्या एका हातावरून जाते, म्हणजे तोही हात गमावतो. असल्या रुग्णाला इथे आणून कोणी ‘दुःख चांगलं असतं’ असं शिकवत नव्हतं. त्याच्यासारखं अंग देवाचं झालं आहे, एवढंच त्याला दिसत होतं. आणि सणाच्या दिवशी त्याच फळ्या उघडून आत पुनरुत्थान दिसे, तेही विसरू नये. आमच्या मते नीत्शेचा आक्षेप इथे लागू पडत नाही.

खरा आक्षेप आम्हाला दुसरीकडे दिसतो. मिटलेल्या डोळ्यांचा येशू दिसला, की ‘याला मारलं कोणी?’ हा प्रश्न मनात येतो, आणि युरोपने त्याचं उत्तर ठरवून टाकलं होतं: ज्यूंनी. रोमन राज्यपालाने रोमन शिक्षा दिली, हे सोयीस्करपणे मागे पडलं. 1096 साली क्रुसासाठी निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या ज्यूंची कत्तल केली. गुड फ्रायडे हा ज्यू वस्त्यांना अनेक ठिकाणी दारं लावून बसण्याचा दिवस होता. सगळ्या ज्यूंवर हा दोष लादता येणार नाही, असं कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हटलं ते 1965 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. एवढा उशीर! करुणेने घडवलेली प्रतिमा आरोपपत्र कशी होते, हे तत्त्वज्ञानाच्या माणसाने नीट बघायला हवं. वेदना दिसली की दया येते, हे खरं. पण त्याच वेदनेसाठी कोणाला तरी शिक्षा करावी, हेही तितक्याच सहज वाटतं. लाकडात कोरलेला देह या दोन्हींतलं काही ठरवून देत नाही.

म्हणून मार्क शगालचं ‘व्हाइट क्रुसिफिक्शन’ आम्हाला महत्त्वाचं वाटतं. साल 1938. शगाल ज्यू. त्याने येशूच्या कमरेला प्रार्थनेची ज्यू शाल गुंडाळली. बाजूला सिनेगॉग जळतं आहे, गाव लुटलं जातं आहे, नावेत निर्वासित आहेत. कलेच्या दृष्टीने चित्रात गर्दी जरा जास्तच झाली आहे, असं आमचं मत. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. इझेनहाइमच्या चित्रात बाप्तिस्मा करणारा योहान लांब बोटाने येशूकडे दाखवतो. इथे तसं बोट दाखवायला कोणी नाही. खालची माणसं क्रुसाकडे वळूनही बघत नाहीत. एक जण तोराची गुंडाळी छातीशी धरून पळतो आहे.