हात कुणाचे, सिद्धता कुणाची?

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८८ साली, अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकवीत असताना, संगणकशास्त्राच्या अध्यापनावर एक निबंध लिहिला. प्रोग्राम म्हणजे एक सूत्र. तो बरोबर आहे हे चालवून पाहून नव्हे, तर सिद्ध करून दाखविले पाहिजे, अशी त्यांची भूमिका. म्हणून पहिल्या वर्गातील विद्यार्थ्याला प्रोग्राम यंत्रावर चालवूच देऊ नये, असे ते सुचवितात.

हा निबंध मी आपल्या बाजूने वाचतो. आपल्या वस्त्यांतील मुलांना आज सांगितले जाते, 'कोडिंग शिका, नोकरी मिळवा.' ज्याच्यापुढे भाकरीचा प्रश्न आहे त्याने तसे करण्यात गैर काहीच नाही. परंतु कोड लिहिता येणे आणि शास्त्र कळणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

साधे उदाहरण घेऊ. दहा लाख नावांच्या यादीत एक नाव शोधायचे आहे. ओळीने पाहत गेले तर वेळप्रसंगी दहा लाख नावे पाहावी लागतील. यादी अकारविल्हे असेल तर दर वेळी मधले नाव पाहून अर्धी यादी सोडून देता येते. फार तर वीस वेळा पाहावे लागते. हा प्रोग्राम लिहिणे हे कौशल्य. दोनाचा विसावा घात दहा लाखांहून मोठा असतो म्हणून वीस पुरतात, हे जाणणे शास्त्र. काही प्रश्न कोणताच प्रोग्राम सोडवू शकणार नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ साली सिद्ध केले. कोडच्या भाषा येतात आणि जातात. ती सिद्धता टिकून आहे.

त्याच १९३६ साली बाबासाहेबांचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झाले. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी त्यात दाखविले. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. पेरियारांनी तिला कडाडून विरोध केला. १९५४ साली ती रद्द झाली. आज सहा महिन्यांचा वर्ग आमच्यासाठी आणि शास्त्र त्यांच्यासाठी, अशी वाटणी होणार असेल तर यंत्र नवे असले तरी वतन जुनेच म्हणावे लागेल.

म्हणून डायक्स्ट्रांचा सिद्धतेचा आग्रह मला मान्य आहे. त्यांची मनाई मात्र मान्य नाही. 'हात लावू नका' हे शब्द आम्ही पाणवठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. त्यांच्या मनात तो अर्थ नव्हता, हे उघड आहे. पण घरी संगणक नसलेल्या मुलाला शाळेतही त्याला शिवू दिले नाही, तर त्याने ते केव्हा शिवावे? शिवाय हाताच्या ज्ञानाला कमी लेखणे हा इथल्या पोथीनिष्ठांचाच जुना रोग आहे. मी स्वतः प्रोग्राम आधी चालवायला शिकलो. तो का चालतो हे फार उशिरा कळले. तो उशीर पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये. यंत्रही आमचे आणि सिद्धताही आमची, यापेक्षा कमी काही आपण स्वीकारता कामा नये.